पांढरीपांडेबाईंचा हात

मृदुला पांढरीपांडे यांचा कुणावरही चटकन विश्वास बसत नसे, आणि विद्यापीठाच्या प्रकाशन विभागात हा गुणच समजला जातो. लेखकाने 'संदर्भ तपासले आहेत' असे लिहिले की त्या सगळ्यात आधी संदर्भ तपासायला घेत. छापखान्याने 'उद्या नक्की' म्हटले की त्या पुढचा आठवडा धरून चालत. दूधवाला, दातांचा डॉक्टर, सख्खा भाऊ, यांतून कुणी सुटलेले नव्हते. पंचवीसएक वर्षांच्या नोकरीत एकाच माणसावर त्यांनी कधी संशय घेतला नव्हता. तो माणूस म्हणजे वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक सुखदेव वलथरे.

म्हणून त्या मंगळवारी 'पारखी' या संगणकप्रणालीने नेमक्या वलथरे सरांच्या नावापुढे लाल पट्टी ओढली, तेव्हा बाईंना पडदाच पुसून बघावासा वाटला.

पुस्तकाचे नाव 'झाडीचं पाणी'. सरांच्या आधीच्या लेखनाशी जुळणी शेकडा आठ. खाली शेरा: हा मजकूर या लेखकाचा नाही.

पारखी समजायला फार डोके लागत नाही. माणूस लिहितो तेव्हा मोठे शब्द तो निवडून घेतो. ते कुणाचेही असू शकतात. बारीकसारीक गोष्टी मात्र त्याच्या नकळत पडत जातात. कारण आधी सांगतो की घडलेली गोष्ट आधी, क्रियापदापर्यंत पोचायला किती शब्द घेतो, दम कुठे खातो, एका वाक्यातून दुसऱ्यात जाताना मागचे काय उचलून नेतो. अशा काही हजार सवयी मोजल्या की त्यांचा मिळून एक ठसा तयार होतो. भाकरी कुणीही थापली तरी गोलच होते, पण थापणारीच्या बोटांचे वळ तिच्यावर राहतात, त्यातलाच हा प्रकार. विषय बदलो, वय वाढो, ठसा फारसा हलत नाही.

यंत्रांनी लिहिलेल्या प्रबंधांचा पूर आला होता. एका विभागातले सगळे प्रबंध एकाच यंत्राने एका दुपारीत लिहून काढल्याचे उघडकीला आले, तेव्हा सरकार जागे झाले आणि नियम निघाला. पारखीच्या शिक्क्याशिवाय विद्यापीठांनी एक पान छापायचे नाही, आणि शिक्का पडेपर्यंत संपादकाने मजकुराला हात लावायचा नाही. ज्याचे लेखन खोटे ठरेल त्याची आधीची पुस्तकेही ग्रंथालयांतून काढून घ्यायची.

पारखीला प्रत्येक लेखकाचा खात्रीचा नमुना लागे. तो कुठून द्यायचा यावर भंडाऱ्याच्या या झाडीमंडळ विद्यापीठात बराच खल झाला. शेवटी तोडगा बाईंनीच काढला. यंत्रे लिहू लागण्याच्या आधी आपल्याच विभागाने छापलेली पुस्तके द्यावीत. हस्तलिखिते अशुद्ध असतात, आणि छपाई झाली की तशीही ती रद्दीत जातात. छापील पुस्तकाहून खात्रीचे काय असणार? प्रकाशन समितीतल्या सगळ्या विद्वानांनी माना डोलावल्या. त्यानंतर जुन्या लेखकांपैकी कुणाचे आलेले हे पहिलेच पुस्तक होते.

बाईंनी कपाटातून सरांची जुनी चार पुस्तके काढली आणि शेजारी नवे बाड ठेवले. चारही पुस्तके कशी रेखीव, मोजूनमापून बोलणारी. नवे बाड म्हणजे कुणीतरी बांधावर बसून गप्पा हाणल्यासारखे. शिवाय बाडासोबत सरांची चिठ्ठी होती: 'या बारीस हात नका फिरवू.' आली त्या दिवशी बाईंना ती गंमत वाटली होती. आता मनात पाल चुकचुकली. या वेळी हात फिरवू नका म्हणजे काय? लपवण्यासारखे काय आहे?

कारण 'हात फिरवणे' हे तर बाईंचे खास काम. हस्तलिखित आले की त्या पेन्सिल घेऊन बसत आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकदा हात फिरवत. 'बाईंचा हात फिरला की पुस्तक पुस्तकासारखं दिसतं,' असे लेखक म्हणत. वलथरे सर तर बोडीटोल्याहून बसने येऊन त्यांच्या टेबलाशी बसून राहत. बाई विचारत, "म्हणजे सर, तुम्हाला असं म्हणायचंय ना?" आणि सर म्हणत, "हाव." प्रत्येक पुस्तकाच्या ऋणनिर्देशात सरांचे एक वाक्य असे: 'श्रीमती मृदुला पांढरीपांडे यांच्या साक्षेपी दृष्टीचे ऋण शब्दांत व्यक्त करणे अशक्यप्राय आहे.' बाईंना ते पाठ होते. त्यांच्याविषयी इतके चांगले दुसऱ्या कुणी ना लिहिले होते, ना म्हटले होते. तो माणूस शेवटच्या पुस्तकात आपल्याला फसवतो, हे त्यांना सहन होईना.

दुसऱ्या दिवशी त्या बोडीटोल्याला गेल्या.

सरांचे घर मोठ्या तलावाच्या पाळीला, मातीच्या बांधाला, लागून. अंगणात जाळी वाळत होती. सरांचे घराणे ढिवरांचे, मासेमारीचे. त्या घरातला हा पहिला मुलगा प्राध्यापक झाला होता. आता सत्तरी कधीच उलटून गेली होती. काचबिंदूने डोळे अधू झाले होते. पावलांच्या आवाजावरून त्यांनी बाईंना ओळखले.

"या बाई, या. निकिता, चहा मांड वो. पांढरीपांडेबाई आल्या."

निकिता म्हणजे सरांची नात. हैदराबादला संगणकातले काहीतरी करते, आणि गेले दोन महिने सुट्टी काढून आजोबांकडे आहे, एवढे कळले तेव्हाच बाईंच्या डोक्यात गणित जमून गेले.

"हस्तलिखित तू टाइप केलंस ना?" चहाचा कप घेता घेता त्यांनी विचारले.

"हो मॅडम. आजोबांनी वह्यांत लिहिलं, मी टाइप केलं."

"नुसतं टाइप केलंस, की..."

"की काय? पूर्ण बोला न." मुलीचा आवाज चढला.

बाईंनी मग पारखीचा निकाल सांगितला. आठ टक्के, लाल पट्टी, जुनी पुस्तके काढून घेण्याचा नियम, सगळे. सर ऐकत होते. चेहऱ्यावर राग आला असता तर बाईंना बरे वाटले असते. तो आला नाही.

"चार पुस्तकं झाली बाई," ते म्हणाले. "तवा तुमी कधी नाई इचारलं, हे मीच लिहिलं का म्हनून. आज इचारता."

"तेव्हा मशीन नव्हतं, सर."

"हाव. तवा तुमी होत्या."

बाईंना ही आपली स्तुती वाटली. त्या थोड्या मऊ झाल्या. "सर, स्पष्ट सांगा, अजून वेळ आहे. पोरीनं मदत केली असेल तर बाड परत घ्या. कुणाला कळणार नाही. मी रिपोर्ट नाही लिहिणार."

"डॉक्टर म्हन्ते, दिवाळीपर्यंत वाचून घ्या काय वाचाचं ते." सर पाळीकडे तोंड करून बोलत होते. "मले हे एक पुस्तक डोऱ्यानं पाहाचं हाय. परत घिऊन का करू?" मग ते म्हणाले, "एक काम करा. त्यातलं कोनतंबी पान मोठ्यानं वाचा. मंग तुमच्या मनाले येईल ते लिहा."

"मोठ्यानं कशाला? मी तीनदा वाचलंय."

"डोऱ्यानं," सर म्हणाले.

निकिता त्यांना सोडायला फाट्यापर्यंतसुद्धा आली नाही. खरं असतं तर आली असती, असे बाईंनी बसमध्ये स्वतःला समजावले. चोराच्या मनात चांदणं!

कचेरीत येऊन त्यांनी अहवाल लिहिला. मजकूर लेखकाचा नसल्याचे सबळ कारण आहे, सबब प्रकाशनास नकार द्यावा. लिहिताना डोळ्यांत पाणी आले, तरी एकही वाक्य तिरपे पडू दिले नाही. मग नियमाप्रमाणे अहवालही पारखीत घातला. हा नियमही मजेशीर होता. काही लेखक स्वतःच आपल्या पुस्तकावरचे अहवाल लिहून परीक्षकांच्या सह्या घेत, म्हणून फाइलमधला प्रत्येक कागद त्या लेखकाच्या ठशाशी ताडून बघायचा असे.

पारखीने क्षणभर विचार केला आणि पुन्हा लाल पट्टी ओढली. अहवालाचा लेखक: प्रा. सुखदेव वलथरे. जुळणी शेकडा चौऱ्याण्णव.

बाई खुर्चीतून उठल्याच. त्यांचा पहिला संशय गेला निकितावर. संगणकवाली पोरगी, घुसली असेल यंत्रात! दुसरा संशय प्रकाशन विभागाचे संचालक डॉ. अहिरकर यांच्यावर, कारण त्यांच्यावर तो कायमच असे. तिसरा पारखी विकणाऱ्या कंपनीवर. हातासरशी खात्री करून घ्यावी म्हणून त्यांनी स्वतःचा एक जुना कागद शोधला. गेल्या महिन्यात कँटीनच्या पातळ डाळीबद्दल कुलसचिवांना लिहिलेली दोन पानी तक्रार. ती पारखीत घातली आणि या वेळी 'सर्व लेखक' असे बटण दाबले.

नावांची रांगच लागली. वलथरे होतेच. लोकनाट्यावर लिहिणारे प्रा. झाडे होते. भूगोलाच्या कापगते मॅडम होत्या. आणि सगळ्यात वर इतिहासाचे डॉ. ठवकर होते, जे जाऊन सहा वर्षे झाली होती. गेलेल्या माणसाने कँटीनच्या डाळीबद्दल तक्रार केली होती, आणि जुळणी होती शेकडा सत्त्याण्णव.

बाई हसायला गेल्या आणि हसू मध्येच अडकले. त्यांनी विभागाची जुनी पुस्तके एकमेकांशी ताडून पाहिली. ठवकरांचे किल्ले आणि कापगते मॅडमचे जंगल, झाडे सरांची नाटके आणि वलथऱ्यांचे शेवाळ. पारखीचे म्हणणे सरळ होते: हे सगळे एकाच माणसाने लिहिले आहे. त्या माणसाचे नाव तेवढे तिला ठाऊक नव्हते, कारण संपादकाचा नमुना घ्यायचे कुणाला सुचलेच नव्हते. बाईंनासुद्धा नाही.

गवंड्याला भिंत आठवते, विटा आठवत नाहीत. कुणाचे मूळ वाक्य काय होते ते बाईंना हात फिरवल्यावर कधीच आठवत नसे. आठवायची गरजही पडली नव्हती. वाक्य सुधारले होते ना? त्यांनी सरांचे पहिले पुस्तक उघडून ऋणनिर्देश काढला. 'अशक्यप्राय.' हा शब्द सर जन्मात कधी बोलले नव्हते. 'साक्षेपी' तर नाहीच. तिथे मुळात दुसरे काहीतरी होते. त्यावर पेन्सिलची रेघ मारून बाईंनी हे वाक्य लिहिले होते, आणि तेच पुढच्या तिन्ही पुस्तकांत उचलून ठेवले होते. मूळ काय होते? आभार तरी होते का? की बाईंनी स्वतःच स्वतःचे आभार मानून वर्षानुवर्षे ते जपून ठेवले होते? हस्तलिखिते तर रद्दीत गेलेली. जगातल्या सगळ्यांवर संशय घेऊन झाल्यावर एकच माणूस उरला होता, आणि तो त्यांच्याच खुर्चीत बसला होता.

त्या उठून डॉ. अहिरकरांकडे गेल्या. अहिरकरांनी सगळे ऐकून घेतले, दार लावून घेतले आणि पाणी मागवले.

"मॅडम, हे कोणाला बोलले तर नाही न तुम्ही?"

"नाही."

"मग टेन्शन कायचं? सोपं आहे. वलथरे सरांच्या पुस्तकावर हात फिरवून टाका."

"शिक्क्याच्या आधी हात लावायचा नाही, नियम आहे."

"नियम आपणच पाळून राहिलो न? आपणच थोडा वेळ डोळे मिटू. तुमचा हात फिरला की पारखी म्हणेल, वलथऱ्यांचंच आहे. सरांना पुस्तक मिळते, नाव राहते, पोरीवर आळ येत नाही. तुम्हाला रिटायर झाल्यावर एक वर्ष वाढवून द्यायचं म्हणतो आहे मी, तेही होते." अहिरकर पुढे वाकले. "आणि दुसरं काही केलं तर? साठच्या वर पुस्तकं आहेत मॅडम. त्यांच्यावर लोकांच्या बढत्या झाल्या. अर्धं विद्यापीठ तुमच्या दारात उभं राहील."

बोलणे बिनतोड होते. खरे पुस्तक खोटे ठरत होते, आणि खोटे केले की ते खरे ठरणार होते. बाईंनी सरांना फोन लावला आणि काही न लपवता सांगितले. पलीकडे पाळीवरचा वारा ऐकू येत होता.

"सर, तुम्ही ऋणनिर्देशात मुळात काय लिहिलं होतं माझ्याबद्दल?" न राहवून बाईंनी विचारले.

"आता का आठवते बाई." मग ते म्हणाले, "फिरवा हात. डोरे हायत तवर पुस्तक पायजे मले. आदत हाय आपल्याले."

या शेवटच्या वाक्यात राग नव्हता. म्हणूनच ते बाईंना लागले.

जेवणाच्या सुट्टीत कचेरी रिकामी झाल्यावर त्यांनी पडद्यावर पहिला अध्याय उघडला. समोरच्या पानापुरती जुळणी दाखवणारा पारखीचा काटा बाजूला चालू ठेवला. सरांनी लिहिले होते:

'सुकल्या तलावात पानी उतरते तवा आवाज मागून येते. आधी काठची पाखरं उठते. मंग वास येते. मंग पानी. हे मले माह्या बापानं दाखवलं. त्याचा हात माह्या मानेवर होता. त्यानं हात दाबला, तवा मी समजलो का पानी आलं.'

बाईंनी हात फिरवला. सवयच ती, विचार करावाच लागला नाही. 'शुष्क तलावात पाण्याचे आगमन होण्यापूर्वी काठावरील पक्ष्यांचे उड्डाण व विशिष्ट गंध ही पूर्वलक्षणे आढळतात, असे स्थानिक मच्छीमारांचे निरीक्षण आहे.'

काटा सरकला. आठावरून वीस, वीसावरून पस्तीस. आणखी चार वाक्ये केली, साठ. पारखी वलथरे सरांना ओळखू लागली होती.

बाईंनी कळफलकावरून हात काढला. वाक्य निर्दोष होते. त्यात पक्षी होते, गंध होता, पाणीसुद्धा होते. बाप कुठे गेला? तो 'स्थानिक मच्छीमार' होऊन गर्दीत मिसळला होता. त्याचा हात, ती मान, ते दाबणे, काहीच उरले नव्हते. आणि हे सगळे बाईंनी प्रेमाने केले होते. आजच नव्हे, नेहमीच. आधीच्या चार पुस्तकांत कुणाकुणाचे बाप गेले असतील, आणि ठवकरांच्या किल्ल्यांत, आणि कापगते मॅडमच्या जंगलात?

मग सरांनी सांगितलेली गोष्ट त्यांनी केली. आपली वाक्ये पुसून मूळची परत आणली आणि ती मोठ्याने वाचली. पहिल्यांदा जीभ अडखळली. दुसऱ्यांदा सर समोर बसून बोलत असल्यासारखे ऐकू आले. 'त्यानं हात दाबला' इथे आल्यावर बाईंना रडू फुटले. रिकाम्या कचेरीत एक पन्नाशी उलटलेली बाई दुसऱ्याच्या बापासाठी रडत होती, आणि काटा तिकडे पुन्हा आठावर जाऊन बसला होता.

समितीची बैठक त्याच आठवड्यात झाली. बाईंनी आपला अहवाल फाडला आणि उभ्या राहून बोलल्या. "पारखी चुकत नाही. चूक नमुन्यात आहे. वलथरे सरांच्या नावावर जो ठसा ठेवलाय तो सरांचा नाही, माझा आहे. इतरांच्या नावावरचेही माझेच आहेत. ते काढा, आणि सगळे माझ्या नावावर टाका."

पुढे जे व्हायचे ते झाले. नमुने रद्द झाले, पुस्तके फेरतपासणीला गेली, बढत्या टांगणीला लागल्या. कालपर्यंत 'बाई, एकदा हात फिरवा' म्हणून मागे लागणारे लोक जिन्यात भेटले की भिंतीकडे बघू लागले. कापगते मॅडम तोंडावर म्हणाल्या, "माझं काय लिहिलं होतं मी, तेही आता मला आठवत नाही. कुठून आणू नमुना?" अहिरकरांनी एका वर्षाच्या मुदतवाढीचा विषय पुन्हा काढला नाही.

वलथरे सरांना समितीसमोर बसवून नवा नमुना घेतला. निकिता हात धरून घेऊन आली होती. कागदाला जवळजवळ नाक लावून सरांनी तलावातल्या शिंगाड्यावर तीन पाने लिहिली. पारखीने ती 'झाडीचं पाणी'शी ताडली आणि हिरवी पट्टी ओढली. आधीचे सगळे लेखन खात्यातून वजा झाल्यामुळे नावापुढे आपोआप शेरा उमटला: नवोदित लेखक. निकिताने तो वाचून दाखवला तेव्हा सर इतके हसले की समितीलाही हसावे लागले. बाईंना मात्र हसता आले नाही.

पुस्तक दिवाळीच्या अलीकडे छापून आले. नियमाप्रमाणे शिक्का पडल्यावर संपादकाला मुद्रितशोधनाची मुभा होती, पण बाईंनी ते काम दुसऱ्याला देऊन टाकले होते. सरांनी पहिली प्रत जवळ धरून, पानापानाला बोट लावून वाचली, असे निकिताने फोनवर सांगितले. तिचा आवाज आता बराच निवळला होता. "मॅडम, आजोबा म्हणाले, शेवटचं पान बाईंना सांग."

बाईंच्या टेबलावर प्रत पडली होती. त्यांनी शेवटचे पान काढले. तिथे ऋणनिर्देश होता, चार ओळींचा. तलावाचे आभार, बापाचे आभार, नातीचे आभार. आणि मग:

'पांढरीपांडे बाईनं या पुस्तकाले हात लावला नाई त्याबद्दल बाईचे लय आभार. आधीच्या पुस्तकाले लावला त्याबद्दल बी मी मानले होते पन ते बाईनं खोडून सोताच लिहून टाकले.'

बाईंचा हात सवयीने पेन्सिलकडे गेला. दोन स्वल्पविराम हवे होते. त्यांनी पेन्सिल खणात टाकली, खण लावला आणि ती ओळ मोठ्याने वाचली.